शंख सुंदर, दंश विषारी

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत सांगली-मिरजेकडची अनेक कुटुंबे घाट उतरून गणपतीपुळे, मालवणला जातात. परतताना मुलांच्या खिशात शंख-शिंपले असतातच. रिकामे शंख खुशाल आणावेत. पण आत जीव असलेला, शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख हातात घेऊ नये.

या समुद्री गोगलगायीला शास्त्रात 'कोनस' म्हणतात. तिचा दात इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ असतो. लांब सोंडेतून तो भाल्यासारखा मारून ती भक्ष्याच्या अंगात विष सोडते. कोकण किनाऱ्यावरही तिच्या काही जाती आढळतात. किडे खाणाऱ्या जातींचा दंश माणसाला सहसा जीवघेणा ठरत नाही. हिंदी व पॅसिफिक महासागरातील, मासे खाणारी 'कोनस जिओग्राफस' मात्र घातक आहे. 1935 साली ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर ती तळहातावर धरून चाकूने खरवडणारा एक तरुण काही तासांतच दगावला. कोणती जात कसली, हे आपल्याला ओळखता येत नाही. म्हणून सगळ्यांपासूनच दूर राहावे.

हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे संदेश अडवते. वेदना कधी किरकोळच असते; पण पुढे ओठ बधिर होतात, पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास थांबतो.

बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे सर्पदंशावरील लस आपल्या परिचयाची आहे. या दंशावर तशी लस नाही आणि सापाची लस येथे उपयोगी पडत नाही. म्हणून दंश झालेला हात किंवा पाय मुळीच हलवू देऊ नये. मुरगळल्यावर बांधतो तशी रुंद पट्टी बोटांपासून वरपर्यंत गुंडाळून काठीचा आधार द्यावा. चिरा देऊ नयेत, विष चोखू नये, दोरीने आवळू नये. श्वास बंद पडल्यास तोंडाने श्वास देत राहावे आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. विषाचा जोर ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर रुग्ण वाचू शकतो.

याच कुळातील 'कोनस मेगस'च्या विषावरून बनवलेल्या 'झिकोनोटाइड' या औषधाला 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. इतर उपायांना न जुमानणाऱ्या तीव्र वेदनांवर ते पाठीच्या कण्यातील द्रवात सोडतात. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही.

विषातून औषध काढणे शास्त्रज्ञांचे काम. आपण मुलांना एवढेच शिकवावे, की जिवंत शंख डोळ्यांनी पाहावा, हाताने नव्हे.