मेंढा-लेखाचे यश आणि सत्यता सारणी

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड वस्तीचे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा त्याचा हक्क मान्य झाला. बांबू हे झाड की गवत, हा वाद मात्र पुढेही चालला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून मेंढ्याला भेट देणारा प्रत्येक अभ्यासक एकच प्रश्न विचारतो : हे इथे जमले, मग शेजारच्या गावांत का जमत नाही?

उत्तरे तीन मिळतात. पहिले, इथली ग्रामसभा नियमित भरते आणि बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेते. दुसरे, जंगलात बांबू भरपूर आहे, म्हणून हक्काचे पैसे होतात. तिसरे, देवाजी तोफांसारख्या गावच्या नेतृत्वाला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याची साथ लाभली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि नेमकी हीच अडचण आहे. तिन्ही एकत्र असल्यामुळे कोणतीमुळे काय झाले ते एकट्या मेंढ्यावरून सांगता येत नाही.

मग दुसरे गाव घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभा स्वतः करते. तेंदूपानासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, म्हणून तेंदूपान तोडायचेच नाही असेही या गावाने ठरवले. परंतु इथेही ग्रामसभा जागी, बांबू आहे आणि बाहेरच्या कार्यकर्त्यांची साथ आहे. म्हणजे दोन नामवंत गावे, पण पुरावा एकाच जातीचा!

प्रयोग करून पाहावा म्हटले तर तेही जमत नाही. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत उपचार दिला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आरोग्यसेविका नेमता येते. सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा मात्र बाहेरून नेमता येत नाही. ती जिथे आहे तिथे जाऊनच पाहावी लागते.

अशा प्रश्नांसाठी चार्ल्स रॅगिन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८७ साली एक पद्धत मांडली. तिला गुणात्मक तुलनात्मक विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, पण आतले गणित बारावीच्या तर्कशास्त्राच्या प्रकरणातलेच आहे : सत्यता सारणी, 'आणि', 'किंवा', आवश्यक अट, पुरेशी अट. जॉर्ज बूलचे हे बीजगणित एकोणिसाव्या शतकातले. विजेचे मंडल कमीत कमी कळांत बसवण्यासाठी क्वाइन आणि मॅक्लस्की यांनी १९५० च्या दशकात त्याचे सुलभीकरण शोधले. रॅगिनने कळांच्या जागी सामाजिक परिस्थिती ठेवली.

करून पाहू या. पुढील बारा गावे कल्पित आहेत; पद्धत कळावी एवढाच हेतू. 'ग' म्हणजे ग्रामसभा नियमित भरते, 'ब' म्हणजे बांबू पुरेसा आहे, 'स' म्हणजे बाहेरच्या संस्थेची साथ आहे. असेल तर १, नसेल तर ०. हक्क मिळाल्यावर पाच वर्षे गावाने जंगलाचा कारभार स्वतः चालवला, तर यश १.

ग ब स | यश | गावे
१ १ १ | १ | ३
१ १ ० | १ | २
१ ० १ | १ | २
१ ० ० | ० | २
० १ १ | ० | २
० ० १ | ० | १
० १ ० | ? | ०
० ० ० | ? | ०

पहिल्या दोन ओळींत फरक फक्त 'स'चा आहे आणि यश दोन्हींत आहे. म्हणून 'स' गाळता येतो. उरते 'ग आणि ब'. पहिली आणि तिसरी ओळ जोडली की 'ब' गळतो. उरते 'ग आणि स'. म्हणजे यशाला दोन वाटा आहेत. आपले वितरणाचे सूत्र लावले तर : ग आणि (ब किंवा स). ग्रामसभा आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. बांबू आणि संस्था या एकमेकींची उणीव भरून काढतात. बांबू नसलेल्या गावाला, उदाहरणार्थ, इतर ग्रामसभांबरोबर एकत्र येऊन तेंदूपानाचा लिलाव करायला कोणी मदत केली, तर त्याचेही चालते.

आता हाच तक्ता नेहमीच्या पद्धतीने वाचा. संस्था असलेल्या आठ गावांपैकी पाच यशस्वी, नसलेल्या चारपैकी दोन, ६२.५ टक्के विरुद्ध ५० टक्के. एखादा अधिकारी म्हणेल, संस्थेचा फरक किरकोळ आहे, अनुदान बंद करा. पण चौथी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवा. ग्रामसभा आहे, बांबू नाही, तिथे संस्थेशिवाय दोनपैकी एकही गाव टिकले नाही आणि संस्थेसह दोन्ही टिकली. ग्रामसभाच नाही, तिथे मात्र संस्था असूनही तिन्ही गावे अपयशी. एकच उपाय एका गावात निर्णायक आणि दुसऱ्यात निरुपयोगी असतो. सरासरी दोन्ही गोष्टी झाकते. सगळ्या गावांना सारखाच उपाय देणाऱ्या शासकीय योजनांनी हा तक्ता एकदा तरी मांडून पाहावा, असे मला वाटते.

या पद्धतीत फसण्याच्या जागाही आहेत. ग्रामसभा 'नियमित' कशाला म्हणायचे? वर्षातून चार बैठका की बारा? रेषा हलवली की १ चा ० होतो आणि निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून रॅगिनने २००० साली लोत्फी झादेह यांची १९६५ मधील धूसर संचांची कल्पना आत घेतली. तिच्यात गावाला ०.७ असेही मूल्य देता येते. तरीही ते ०.७ ठरवायचे माणसानेच, आणि त्यासाठी इतिवृत्ताची वही नुसती चाळून भागत नाही, गावात बसावे लागते. सह्या भरलेली वही आणि भरलेली सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकांना सांगायला नको. एकाच ओळीतली दोन गावे उलट निकाल देऊ लागली, तर आपण एखादी अट विसरलो असे समजून पुन्हा गावात जायचे. आकडेशास्त्रात ज्याला त्रुटी म्हणून बाजूला टाकतात, ते इथे पुढच्या भेटीचे निमंत्रण असते.

शेवटच्या दोन ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. बांबू भरपूर, ग्रामसभा भरत नाही, संस्थाही नाही, असे गाव आपण पाहिलेलेच नाही. ते कुठे सापडले आणि जंगलाचा कारभार नीट चालवत असले, तर 'ग्रामसभा आवश्यक' हा आपला निष्कर्ष तिथेच मोडेल. वर्गात हा तक्ता फळ्यावर लिहाल तेव्हा सातव्या ओळीत १ मांडून पाहा आणि सूत्र पुन्हा काढायला सांगा. मुले सहाव्या नव्हे, 'ब' असलेल्या पाचव्या ओळीकडे बोट दाखवतील : तिथे बांबू आहे, संस्थाही आहे, तरी गाव पडले. मग संस्था नसताना कसे तरले?