व्हिडिओ गेम आणि परभाषेचे ग्रहण

परभाषा मुलाला प्रथम वर्गात व पाठ्यपुस्तकातून भेटते, हे गृहीत आपल्या भाषाशिक्षणविचारात दीर्घकाळ मानले गेले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील मराठी माध्यमाच्या मुलांपुरते तरी ते १९९० नंतरच्या दशकात डळमळीत झाले. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. तोवर ते पाचवीत सुरू होई. परंतु दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा, कॅसेट घालून चालणारा व्हिडिओ गेम ज्याच्या घरी वा शेजारी होता, त्या तिसरी-चौथीतील मुलापुढे ‘स्टार्ट’, ‘गेम ओव्हर’ ही अक्षरे त्यापूर्वीच उभी राहत.

ती अक्षरे तो वाचत होता काय? काटेकोर अर्थाने नाही. शब्दाचे चित्र व त्याचा परिणाम यांची तो सांगड घाली. ‘कॉन्ट्रा’त साऱ्या ‘लाइफ’ संपल्यावर ‘कन्टिन्यू’ आणि ‘एण्ड’ असे दोन पर्याय येत. खूण चुकीच्या शब्दावर राहिली की डाव पुन्हा पहिल्यापासून. अर्थबोधाची इतकी तातडीची परीक्षा कोणतेही पाठ्यपुस्तक घेत नाही. याउलट काही कॅसेटींतील खेळ जपानी लिपीतच असत. मुले तेही खेळत, पण त्यातून जपानी येत नसे. कारण मजकूर न कळताही उडी मारता येई. भाषिक निवेश आकलनीय हवा, हा स्टीफन क्रॅशन यांचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. आकलनाची निकडही असावी लागते.

घेतलेला शब्द मात्र मराठी व्याकरणाच्या स्वाधीन झाला. ‘एक लाइफ गेली’, ‘दोन लाइफ उरल्या’, ‘लेव्हल पार केली’, ‘बॉस मारला’. ‘आयुष्य’ व ‘जीवन’ नपुंसकलिंगी असताना ‘लाइफ’ स्त्रीलिंगी झाली, यात हिंदी ‘जिंदगी’चा वाटा असू शकेल. ‘तीन आयुष्ये’ हा प्रयोग कानाला खटकतो, हे खरे. पण पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरेत ‘जन्म’ हा शब्द हाताशी असूनही तो कोणास सुचला नाही, हे लक्षणीय आहे.

या ग्रहणाची मर्यादाही उघड आहे. नामे आणि आज्ञा आल्या. वाक्य आले नाही, कारण उत्तर देण्यास समोर कोणी नव्हते. ती उणीव पुढे भ्रमणध्वनीवरील सामूहिक खेळांनी भरून काढली. २०२० साली बंदी आलेला ‘पबजी मोबाइल’ आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेला भारतीय अवतार यांत अनोळखी खेळगड्यांशी प्रत्यक्ष बोलावे लागते. तथापि भारतातील हे बोलणे बव्हंशी हिंदीत चालते. पडद्यावरील सूचना इंग्रजी असूनही डोंबिवलीचा मराठी मुलगा या खेळात सराव करतो तो हिंदी वाक्याचा.