रानांत जातांना हातीं काय असावें ?

उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरोघरीं मेळघाट, ताडोबा, बोर अशीं नांवें निघूं लागतात, आणि त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्नहि हमखास निघतो : "बरोबर कांहीं हत्यार घेतलें आहे ना ?" हा प्रश्न बहुधा घरांतील वडीलधारी मंडळी करितात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. रानांत अस्वल आहे, रानडुक्कर आहे, पायांखालीं घोणस आहे. एकत्र कुटुंबांतील दहाबारा माणसें, त्यांत म्हातारीं आणि लेंकरें, रानाच्या कडेनें न्यावयाचीं तर विचार केलाच पाहिजे. तो करण्यासाठीं आम्ही वाचकांना प्रथम सेवाग्रामास घेऊन जातों.

वर्ध्यापासून सुमारें पांच मैलांवरील या खेड्याचें मूळ नांव शेगांव. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवाशीं टपालाचा घोटाळा होऊं लागला, म्हणून १९४० सालीं त्याचें सेवाग्राम झालें. महात्मा गांधी येथें १९३६ च्या एप्रिलअखेर राहावयास आले, तेव्हां भोंवतीं शेतें, झुडपें आणि भेगाळणारी काळी माती होती. अशा भेगांतून उंदीर आणि उंदरांमागें साप, ही वस्ती ठरलेलीच. बापूकुटींत त्यांच्या नेहमींच्या वापरांतील वस्तूंबरोबर सापासाठीं केलेली एक पेटी आणि एक लांबलचक लांकडी चिमटा आजहि जपून ठेवलेला आहे. आश्रमांत निघालेला साप चिमट्यानें धरावा, पेटींत घालावा आणि लांब रानांत नेऊन सोडावा, अशी तेथील रीत होती. प्रेक्षक चरख्यापाशीं बराच वेळ उभे राहतात. चिमट्यावरून मात्र नजर फिरवून पुढें जातात. आम्हांस तो चिमटाच अधिक बोलका वाटतो.

त्याचें कारण सांगतों. १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळ गांधींनीं टॉल्स्टॉय फार्म वसविला. त्यांचे जर्मन मित्र कॅलनबॅक हे तेथें सापांचा अभ्यास करीत, विषारी कोणते व बिनविषारी कोणते हें मुलांना ओळखावयास शिकवीत. एक नागहि त्यांनीं पाळला होता. तरीहि एकदां त्यांच्याच खोलींत साप अशा जागीं निघाला कीं त्याला हांकलतां येईना व धरतांहि येईना. गांधींनीं तो मारण्यास परवानगी दिली, आणि पुढें दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाचा इतिहास लिहितांना ती गोष्ट न लपवितां नमूद केली. आमच्या मतें टॉल्स्टॉय फार्मवरील तो प्रसंग आणि सेवाग्रामचा चिमटा यांमध्यें सरळ नातें आहे. ज्ञान होतें, परंतु हातीं साधन नव्हतें, म्हणून मारणें प्राप्त झालें. साधन आलें तेव्हां मारण्याची गरज उरली नाहीं. अहिंसा म्हणजे डोळे मिटून बसणें, असा त्यांचा अर्थ कधींच नव्हता. १९२६ सालीं अहमदाबादेंत पिसाळलेल्या कुत्र्यांचा उपद्रव होऊन अंबालाल साराभाईंनीं साठ कुत्रीं मारविलीं, तेव्हां त्या कृत्याचें समर्थन गांधींनीं केलें आणि त्यापायीं पुष्कळ रोषहि ओढवून घेतला.

आतां हत्याराकडे वळूं. तरुण मंडळींच्या मनांत प्रथम येतें तें रिव्हॉल्व्हर. कमरेला लटकावलेलें रिव्हॉल्व्हर चित्रपटांत शोभतें. प्रत्यक्षांत तें चढणीवर मांडीवर आपटतें, बसतांना टोंचतें, आणि खांद्याखालीं बांधलें तर घामानें अंग सोलवटतें. हें सर्व सोसलें तरी उपयोग कितीसा ? गवतांतील साप हें त्याचें लक्ष्य नव्हे. आणि वीस पावलांवरून झेपावलेल्या अस्वलावर, कांपत्या हातानें, त्या लहानशा गोळीचा नेम धरणें हें कसलेल्या माणसाचें काम. जखमी जनावर हें भ्यालेल्या जनावराहून किती वाईट, हें कोणताहि जुना शिकारी सांगेल. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवाना हवा, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें परवानगीवांचून कोणतेंहि शस्त्र घेऊन अभयारण्यांत पाऊल टाकतां येत नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील बोर हें १९७० पासून अभयारण्य असून २०१४ सालीं तो व्याघ्रप्रकल्पहि झाला. तेव्हां तेथें हा वाद मुळांतच संपतो.

अमेरिकेंत अलास्कांतील अस्वलांच्या हल्ल्यांचा अभ्यास कांहीं संशोधकांनीं केला. २००८ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ असलेले बहुतेक सर्व लोक दुखापतीवांचून सुटले. आणि २०१२ सालीं त्यांनींच बंदुकांचा हिशेब मांडला, तो त्या मानानें फिका ठरला. मिरचीचा प्रताप आमच्या वाचकभगिनींना निराळा सांगावयास नको !

ज्यांचें रोजचें काम रानांत आहे ते काय बाळगतात ? कोंकणांत आणि गोव्यांत कामकरी माणूस कमरेला मागच्या बाजूस लांकडी आकडा बांधतो व त्यांत कोयती अडकवितो. दोन्ही हात मोकळे, पातें पाठीशीं, वांकलें तरी तें अंगांत घुसत नाहीं. बाळगण्याच्या सोयीच्या दृष्टीनें याहून चांगली योजना आमच्या पाहण्यांत नाहीं. विदर्भांत मोहफुलें व तेंदूपानें गोळा करणारांपाशीं कुऱ्हाड असते. पण कोयती काय किंवा कुऱ्हाड काय, तीं कामाचीं हत्यारें आहेत, लढाईचीं नव्हेत. मोहफुलें वेंचणारा माणूस वांकलेला असतो, त्याचें लक्ष जमिनीकडे असतें, आणि वाघाचा हल्ला होतो तो अशाच वेळीं. त्या क्षणीं कुऱ्हाड उचलावयास सवड कोठली ? म्हणून समजूतदार लोक टोळीनें जातात आणि मोठ्यानें बोलत राहतात. सुंदरबनांत १९८६ च्या सुमारास लांकूडतोड्यांनीं डोक्याच्या मागच्या बाजूस माणसाचा मुखवटा बांधून पाहिला, तोहि याच विचारानें : वाघ पाठीमागून येतो, तर पाठीलाच तोंड द्यावें.

आणि टपालाचा हलकारा ! आगगाडी नव्हती त्या काळीं तो पत्रांची थैली खांद्यावर टाकून रानांतून एकटा धांवे. त्याच्या हातीं लहानसा भाला असे, पण भाल्याला घुंगरूं बांधलेले असत. काम होई तें घुंगरांनीं. माणूस येत आहे हें जनावराला आधीं कळलें, तर तें बहुधा आपणच वाट सोडतें. घात होतो तो अवचित गांठ पडल्यामुळें.

तेव्हां आमची शिफारस जुनीच आहे : काठी. मात्र काठी निवडावी लागते. विदर्भांत मानवेल नांवाचा भरीव बांबू होतो, तो उत्तम. पेरें जवळजवळ असावीं, हिंवाळ्यांत तोडलेला असावा म्हणजे कीड कमी लागते, आणि मुठींत धरला असतां आंगठा बोटांना टेकावा इतकाच जाड असावा. उंची छातीपर्यंत पुरे. दांडीयात्रेंत गांधींच्या हातीं दिसते ती बांबूची काठी त्यांना काकासाहेब कालेलकरांनीं दिली होती, आणि तिची लांबी चोपन्न इंच सांगतात. मध्यम उंचीच्या माणसाला हें माप बरोबर बसतें. खालच्या टोंकाला लोखंडी वेढें बसवावें, वर्षांतून दोनदां जवसाचें तेल चोळावें. अशी काठी ओढ्याचें पाणी मापते, उतारावर गुडघ्यांचा भार घेते, गवत आधीं हलविते, कुत्र्याला दूर ठेविते. लेंकरांच्या हातीं घुंगराची छडी द्यावी. त्यांना मौज आणि आपल्याला त्यांचा ठावठिकाणा.

सापाच्या बाबतींत मात्र काठी उगारण्याचा मोह आवरावा. सापांना आतां कायद्याचें संरक्षण आहे, आणि सेवाग्रामचा चिमटा पाहून घरीं तसला प्रयोगहि कोणीं करूं नये. हल्लीं जाणते सर्पमित्रहि आंकडी व पिशवी वापरतात, कारण चिमट्यानें सापाच्या बरगड्या दुखावतात. घोट्यावर येणारे बूट आणि रात्रीं हातीं विजेरी, एवढ्यानें पुष्कळ दंश टळतात. तरीहि दंश झालाच, तर आवळून बांधणें, कापणें, चोखणें यांपैकीं कांहींहि न करितां तो अवयव फळीसारखा स्थिर ठेवून माणसाला उचलून न्यावें. नागाचें व मण्यारीचें विष मज्जातंतूंवर, घोणसाचें व फुरशाचें रक्तावर चालतें. आपल्याकडील प्रतिविष या चारहि सापांवर लागू पडतें, पण तें रुग्णालयांतच द्यावयाचें असतें. सेवाग्रामपुरतें पाहिलें तर तेथील कस्तुरबा रुग्णालय आश्रमाच्या अगदीं जवळ आहे, आणि त्याला जोडून १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालयहि चालू आहे. इतरत्र जाणारांनीं असें ठिकाण कोठें आहे व तेथें पोंचावयास किती वेळ लागतो, हें निघण्यापूर्वींच विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवावें, आणि ती चिठ्ठी मंडळींतील एकापेक्षां अधिक जणांच्या खिशांत असूं द्यावी.