टाके किती वाढवायचे? क्रोशातली भूमिती

क्रोशाचा गोल रुमाल विणताना दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. कडा वर उचलून त्याची वाटी होते, नाहीतर कडेला नको असलेली झालर पडते. दोष दोऱ्याला किंवा सुईला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकतो तो हिशेब. दर फेरीला किती टाके वाढवले, यावर विणलेल्या वस्तूचा आकार ठरतो. हा आकडा काढता आला की तयार नमुना हाताशी नसतानाही रुमाल, चेंडू किंवा चादर आखता येते.

सपाट गोल

एक फेरी झाली की वर्तुळाची त्रिज्या टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ ने वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून त्याच्या फेऱ्या ६, १२, १८, २४ अशा चढतात. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून त्यात दर फेरीला १२ टाके वाढवतात. अर्ध्या खांबाला ८ च्या आसपास लागतात.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) परीघ काढण्यासाठी ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल अशी दोन मानं दिली आहेत. विणकामाला स्थूल मान पुरतं, कारण अर्धा टाका वाढवता येत नाही.

आपल्या हाताचा आकडा

कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही. १० टाके आणि १० ओळींचा छोटा तुकडा विणून मोजावा. रुंदी ५ सेंमी आणि उंची ६.२५ सेंमी आली, तर गुणोत्तर १.२५. त्याला ६.२८ ने गुणलं की ७.८५, म्हणजे दर फेरीला ८ टाके. वाढ यापेक्षा कमी ठेवली तर वाटी होते, जास्त ठेवली तर झालर.

नगरचा अष्टकोन

वाढ किती, याइतकंच ती कुठे करतो यालाही महत्त्व आहे. दर फेरीत वाढ एकावर एक त्याच जागी आली की तिथे कोपरा दिसू लागतो. गोल हवा असेल, तर ती जागा दर फेरीला सरकवावी लागते.

अहिल्यानगरजवळच्या शहा डोंगरावरची तीन मजली वास्तू घ्या. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. तिचा आराखडा अष्टकोनी आहे. तो क्रोशात उतरवायचा तर अर्धा खांब सोयीचा. पहिल्या फेरीत ८ टाके घ्यायचे, मग दर फेरीला आठही कोपऱ्यांवर एकेका टाक्यात दोन अर्धे खांब. हेच मुक्या खांबात केलं तर ८ ची वाढ जास्त होऊन कड लाटांसारखी वरखाली होते.

तुकडे जोडताना

चादरीसाठी तुकडे जोडताना कोन मोजावे लागतात. एका बिंदूभोवती ३६० अंश भरले तरच कापड सपाट राहतं. चौकोन चार (९० × ४) आणि षटकोन तीन (१२० × ३) बरोबर बसतात. अष्टकोनाचा कोन १३५ अंशांचा. दोन अष्टकोन शेजारी ठेवले की २७० होतात आणि ९० उरतात. म्हणून नुसत्या अष्टकोनांची चादर होत नाही. मध्ये तेवढ्याच बाजूचा छोटा चौकोन विणावा लागतो. पंचकोन तीन जोडले तर ३२४ च अंश भरतात आणि कापड फुगतं. असे १२ पंचकोन मिळून बंद चेंडू तयार होतो.

चेंडू आणि दोरा

मुक्या खांबाचा चेंडू ३६ टाक्यांचा करायचा असेल, तर ६ फेऱ्या वाढवत, ६ तशाच आणि ६ कमी करत जाव्यात. एकूण १८, म्हणजे मधल्या फेरीतल्या टाक्यांच्या निम्म्या. कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर अर्ध्या परिघाइतकं असतं.

दोऱ्याचा अंदाजही असाच काढता येतो. मुक्या खांबाच्या सपाट गोलाला १० फेऱ्यांत ३३० टाके लागतात, २० फेऱ्यांत १,२६०. रुमाल दुप्पट रुंद करायचा तर दोरा जवळपास चौपट घ्यावा. चेंडूचं पृष्ठफळ त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या चौपट असतं, हेही ‘लीलावती’त आहे.

मुद्दाम पाडलेली झालर

१९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लॅटव्हियन गणितज्ञ डायना ताइमिना यांनी ही झालरच कामाला लावली. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्यावर अतिपरवलयिक पृष्ठभाग तयार होतो. त्याआधी त्याची प्रतिकृती कागदाच्या पट्ट्या चिकटवून करत आणि ती लवकर फाटे. क्रोशाची प्रतिकृती विद्यार्थ्यांना हातात घेऊन वाकवता आली.

घरी करून पाहायचं असेल, तर २० साखळ्यांवर मुक्या खांबाची ओळ विणावी आणि पुढे दर पाच टाक्यांमागे एक वाढवावा. टाके दर ओळीला १.२ पट होतात. अशा १० ओळींनंतर ते सुमारे १२४ होतात, २० ओळींनंतर ७६० च्या वर. म्हणून सुरुवात लहान ठेवावी आणि दोरा भरपूर घ्यावा.