राखेची वीट

राख म्हणजे शेवट, असे आम्ही कवी लिहीत आलो. चंद्रपूर, कोराडीच्या वीजकेंद्रांत मात्र प्रश्न तिथूनच सुरू होतो. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख. बंधाऱ्यात साठवली तर उन्हाळ्यात उडते, पावसाळ्यात नदीनाल्यात उतरते. पण तिच्यात सिलिका आणि ॲल्युमिना असते, म्हणजे कुंभाराच्या मातीतलेच द्रव्य. काळ्या मातीची वीट वाळताना तडकते; राख मिसळली की तडे कमी होतात. १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांना किमान २५ टक्के राख सक्तीची केली होती. भट्टीच्या आचेत कण एकजीव होतात, राखेतले जड धातू बरेचसे त्यात अडकतात. बरेचसे, सगळे नव्हे. म्हणून वीट कुटून पाण्यात घुसळायची आणि ते पाणी तपासायचे. मला हीच खरी परीक्षा वाटते. गिऱ्हाईक मात्र विटेवर वीट वाजवून नाद ऐकते. पाण्याचे कुणी विचारत नाही.