प्रेशर वॉशरने काँक्रीट धुताय? आधी बार, नोझल आणि प्लग समजून घ्या

पावसाळ्यात सोसायटीच्या पायवाटेवर हिरवंकाळं शेवाळ धरतं, कोणीतरी घसरतं आणि मग ग्रुपवर प्रेशर वॉशरच्या लिंक फिरायला लागतात. मशीन चांगलंच आहे. पण रील्समध्ये दिसतं तितकं ते सोपं नाही.

लिस्टिंगमधला मोठा आकडा असतो 'मॅक्स प्रेशर'. मशीन प्रत्यक्ष काम करतं ते 'वर्किंग' किंवा 'रेटेड' प्रेशरवर, म्हणून तो आकडा शोधा. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. म्हणजे १०० बारचं घरगुती मशीन १,४५० पीएसआय देतं. कारच्या टायरमध्ये हवा असते जेमतेम ३०-३५ पीएसआय! शेवाळासाठी १००-१३० बार पुरेसं होतं. दुसरा आकडा पाण्याचा. प्रेशर घाण सुटी करतं, पण ती वाहून नेतं पाणी. मिनिटाला ६ लिटरचं मशीन सलग तासभर चाललं तर ३६० लिटर लागणार, त्यामुळे टँकरवर असलेल्या सोसायटीने आधी हा हिशोब करावा.

खरा खेळ नोझलचा आहे. रंग बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: लाल ०°, पिवळा १५°, हिरवा २५°, पांढरा ४०°, काळा साबणासाठी. काँक्रीटला हिरवा घ्या. लालची धार एका बिंदूवर पडते आणि सिमेंटवर कायमची रेघ ओढते. ती नंतर पुसता येत नाही. स्वस्त मशीनमध्ये रंगीत नोझल नसतात, तिथे पुढचा भाग फिरवून पाण्याचा पंखा करून घ्यायचा.

आधी खराट्याने माती झाडा. नोझल सुमारे ३० सेंमी लांब, थोडी तिरकी धरा आणि कोपऱ्यात एक फूटभर जागा धुऊन बघा. मग चढाकडून उताराकडे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत जा. एकाच जागी थांबू नका. पेव्हर ब्लॉक असतील तर सांध्यांवर थेट मारा नको, आतली वाळू उडते आणि ब्लॉक हलायला लागतात. नवीन काँक्रीटला किमान २८ दिवस तरी हातच लावू नका.

डाग जात नाही म्हणून ॲसिड ओतणारे महाभाग सगळीकडे असतात. ॲसिड सिमेंटच खातं. आणि ब्लीचमध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वीज. १,८०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर खेचतं. मोबाईल चार्जरवाल्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं हे काम नाही, तेही ओल्या जमिनीवर. १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट आणि त्या लाइनवर आरसीसीबी हवाच. नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मशीन नंतर.

पायात चपला नकोत, बूट घाला. डोळ्यांवर चष्मा लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. धार कातडीत घुसली तर वरून सुईच्या टोकाएवढीच जखम दिसते, पण आत नुकसान मोठं असू शकतं. दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

काम झालं की मशीन बंद, नळ बंद, आणि मग ट्रिगर एकदा दाबून पाइपमध्ये अडकलेलं प्रेशर सोडून द्या. त्यानंतरच पाइप काढा.