कापड्याच्या पावसात माइक निवडताना

पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात आवाजाचं काम करायचं ठरवलं, तर माइकच्या आधी छपराकडे बघावं लागतं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पत्र्यावर कोसळणारी सर घरच्यांच्या अंगवळणी पडलेली असते. गप्पा, जेवणं, मुलांचा अभ्यास सगळं तिच्याबरोबरच चालतं, कारण कान नको ते बाजूला सारतो. माइकला ते जमत नाही. सर, बेडूक, पंख्याची घरघर, ओसरीवरचा खोकला, फ्रिजचा कॉम्प्रेसर, जे येईल ते सगळं तो घेतो.

पूर्वी हा प्रश्न गावात कुणाला पडलाच नसता. जाहिरात असो, माहितीपट असो की डबिंग, मराठी व्हॉइस-ओव्हरचं काम म्हणजे मुंबई नाहीतर पुण्याचा स्टुडिओ. २०१७च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल हे ध्वनिपुस्तकांचं ॲप भारतात आलं आणि मराठी पुस्तकं मोठ्या संख्येनं आवाजात उतरू लागली. मग मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली. स्टुडिओ बंद पडले, पण कामं थांबली नाहीत. जगभरचे निवेदक कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, अंगावर रजई ओढून बोलू लागले. महाड-पोलादपूरच्या घरांचा एक पाय कायमच मुंबईत असतो. त्या वर्षी चाकरमानी गावी आले, आणि घरी ध्वनिमुद्रण करून फाइल पाठवायची ही पद्धत नंतरही टिकली. चांगला आवाज, स्वच्छ उच्चार आणि शांत खोली असेल तर कापड्यातून काम करायला आता हरकत उरलेली नाही. अडतं ते तिसऱ्या गोष्टीपाशी, खोलीपाशी. आणि नेमकी तीच गोष्ट सोडून लोक आधी माइकच्या किमती विचारतात.

खोली आवाजाचं काय करते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत प्रसिद्ध नमुना याच मुलखात, महाड तालुक्यात उभा आहे. रायगडाची राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. नगारखान्याच्या दारात कागद फाडला किंवा काडी ओढली तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येते, हे गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला वाटाडे करून दाखवतात. ६ जून १६७४ला राज्याभिषेक झाला तेव्हा ना विजेचा माइक होता, ना कर्णा. जे काम होतं ते भिंतींचं आणि मोकळ्या जागेचं. पण राजसभेत जो गुण, तो मुद्रणाच्या खोलीत दोष ठरतो. दरबारात भिंतीवरून परतलेला आवाज बोलणाऱ्याला मदत करतो. दहा बाय दहाच्या सिमेंटच्या खोलीत तोच परतलेला आवाज माइकमध्ये शिरतो आणि निवेदक न्हाणीघरात उभा राहून बोलतोय असं वाटायला लागतं. हा दोष कुठलाही महागडा माइक घालवत नाही. उलट माइक जितका संवेदनशील, तितका दोष ठळक.

म्हणून पहिला खर्च माइकवर नको. गोधड्यांवर करावा, आणि त्या घरात असतातच. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जाड गोधड्या टांगल्या, खाली चटईवर सतरंजी टाकली, तर मधल्या आणि वरच्या पट्टीतले प्रतिध्वनी लक्षात येण्याइतके कमी होतात. बाजारातले पातळ फोमचे चौकोन दिसायला स्टुडिओसारखे असतात, पण खर्जाला ते जवळजवळ अडवत नाहीत.

आता यंत्राकडे. गावात माइक म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मंडपवाल्याचा आहुजा. १९४०पासूनच्या या भारतीय कंपनीचे माइक आणि कर्णे यांच्याशिवाय कोकणातला सप्ताह, जाखडीचा सामना किंवा ग्रामसभा होत नाही. त्याची जात डायनॅमिक. पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकापुढे हलतं आणि वीज तयार होते; सायकलच्या डायनॅमोत जे घडतं, तेच इथे आवाजाच्या जोरावर घडतं. हा माइक दणकट असतो, हातातून पडला तरी चालतो, बाहेरून वीज मागत नाही. सभेसाठीचे माइक मात्र कर्णा शिटी मारू नये आणि शब्द लांबवर पोचावेत, या हिशेबानं बनवलेले असतात. तासभर कानाजवळ ऐकायच्या पुस्तकाला ते कोरडे आणि टोचरे वाटतात. याच जातीतला शुअरचा एसएम ५८ हा १९६६पासून गाण्याच्या मंचावरचा सर्वांत ओळखीचा माइक. नवख्यानं तो घ्यावा की नाही यावर दोन मतं आहेत. पावसाळी गावातल्या नवख्याने जरूर घ्यावा, असं इथे ठामपणे म्हणायला हवं. कारण पुढे येईल.

दुसरी जात कंडेन्सरची. काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा आणि त्याच्यामागे धातूची पाटी. पडदा हलला की दोघांतली विद्युतधारिता बदलते आणि त्यातून आवाज उमटतो. त्यासाठी केबलमधूनच ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते. पडदा हलका असल्यानं श्वास, ओठांची हालचाल, शब्दाच्या शेवटची बारीक किनार सगळं येतं. बर्लिनमध्ये १९२८ साली सुरू झालेल्या नॉयमन कंपनीचा यू ८७ हा १९६७ साली आलेला माइक आजही मोठमोठ्या स्टुडिओंत निवेदनाचा मापदंड मानला जातो. तिसरी जात रिबनची: चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली ॲल्युमिनियमची अतिपातळ फीत. ती पुढून आणि मागून सारखंच ऐकते, कडेनं जवळजवळ ऐकतच नाही. १९३०च्या दशकातल्या रेडिओ नाटकांत दोन नट तिच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहत आणि दूर गेल्याचा आभास हवा असेल तर एक-दोन पावलं मागे सरत. या फितीवर फुंकर मारली तरी ती ताणली जाऊ शकते; दमट घरात, लहान मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी तिचा विचार नको.

माइकनं मराठी बोलण्याची तऱ्हाच बदलली, हे इथे नोंदवलं पाहिजे. नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. २३ जुलै १९२७ला मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं आणि बोलणारा ऐकणाऱ्याच्या हातभर अंतरावर आला. पुढे ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, म्हणजे पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, जे बोलत ते घरातल्या माणसांसारखं, घरातल्याच पट्टीत. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे, दूरदर्शनवर दीर्घकाळ बातम्या सांगणारे आणि पुढे जाहिरातींचाही आवाज झालेले प्रदीप भिडे, या सगळ्यांचं कसब आवाज न चढवता शब्द पोचवण्यात होतं. नवशिक्यांनी यांचं मुद्रण मिळेल तिथून ऐकावं. माइकपासूनचं अंतर न बदलता आवाजाचा भार कसा बदलायचा, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

माहितीपत्रकातले दोन आकडे मात्र समजून घ्यावेत. पहिला संवेदनशीलतेचा. शुअरच्या एसएम ७बी या डायनॅमिक माइकची संवेदनशीलता सुमारे १.१ मिलिव्होल्ट, यू ८७ची आताची आवृत्ती असलेल्या यू ८७ एआयची २८. म्हणजे त्याच आवाजाला दुसरा माइक पंचवीस पट मोठा संकेत देतो. एसएम ७बी घेणाऱ्याला प्रीअँपकडून, म्हणजे संकेत मोठा करणाऱ्या मंडलाकडून, साठेक डेसिबलची वाढ मागावी लागते, आणि माइक संगणकाला जोडणारा स्वस्त इंटरफेस तिथपर्यंत जाताना स्वतःच सूं करायला लागतो. दुसरा आकडा माइकच्या अंगच्या खरखरीचा. रोड कंपनीच्या एनटी १ या कंडेन्सरमध्ये ती ४.५ डेसिबल, यू ८७ एआयमध्ये १२. कागदावर एनटी १ जिंकतो, आणि तो यू ८७ एआयच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. पण कापड्यात रातकिडे बोलत असताना खोलीचा स्वतःचा आवाज या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी वर असतो. तेव्हा या फरकासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. अंतरातून मिळतं ते जास्त मोलाचं: तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर आठ इंचांवरून चारवर आणलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो, खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. इंटरफेसवरचं बटण तितकंच खाली आणलं की गोंगाटही सहा डेसिबलनं उतरतो. पैसा न लागणारी याहून मोठी सुधारणा नाही.

जवळ येण्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एका दिशेनं ऐकणाऱ्या माइकच्या जवळ गेलं की खर्ज फुगतो. भारदस्त पुरुषी आवाज त्यानं गढूळ होतो, बारीक आवाजाला मात्र थोडं अंग मिळतं. इलेक्ट्रो-व्हॉइसचा १९६८चा आरई २० या फुगवट्याला आवर घालण्यासाठीच बनवलेला आहे. दुसरी किंमत हवेच्या फटक्याची, आणि ती मराठीत जरा जास्तच. इंग्रजीत माइक तपासणारे प आणि ब वर थांबतात. मराठीत फ, भ, ठ, ध, घ हे महाप्राण आहेत. ‘भाताच्या भाऱ्याखाली फाटकी घोंगडी’ असं एक वाक्य म्हटलं की माइकचा आणि त्याच्यापुढच्या जाळीचा कस लागतो. तळहात तोंडापुढे धरून हे वाक्य म्हणून पाहिलं तर कुठल्या अक्षराला किती वारा लागतो ते त्वचेलाच कळतं. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे, तिरपा ठेवला की तो वारा बाजूनं निघून जातो. मग दंत्य घर्षण. चुलीतला च आणि चहातला च वेगळे. पहिल्यात जी सळसळ आहे ती वरच्या पट्टीत पडते. बरेच स्वस्त कंडेन्सर नेमकी तीच पट्टी उचलून धरतात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना तो उठाव ‘स्पष्टपणा’ वाटतो. ‘सासूबाईंनी सकाळीच चुलीवर चहाचं आधण ठेवलं’ हे वाक्य अर्धा तास तशा माइकवर ऐकावं लागलं तर कान शिणतात.

तुलना करायची ती अशीच, स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या खोलीत. दोन माइक शेजारी बांधून एकाच वेळी मुद्रण करावं, एकदा पुटपुटून, एकदा जाहिरातीच्या जोशात आणि एकदा पुस्तकाच्या संथ लयीत. नंतर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइलींची पातळी सारखी करावी. ही पायरी टाळली तर निकाल खोटा ठरतो, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावं. लाखाचा माइक आणि दहा हजारांचा माइक यांत अनेकदा अंदाज चुकतो, विशेषतः खोली उघडीबोडकी असेल तेव्हा. शिवाय अंगठ्याएवढ्या कॉलर माइकला कमी लेखू नये. बोयाचा बीवाय-एम१ सहा मीटर वायरीसह स्वस्तात येतो. तो सगळीकडून सारखंच ऐकतो, त्यामुळे गोधडीच्या आडोशाशिवाय उपयोग नाही. आडोसा असेल तर आवाजाचा नमुना पाठवायला पुरतो.

कोकणातल्या कंडेन्सरचा खरा शत्रू दमटपणा. त्याचा पडदा आणि आतलं मंडल अतिशय उच्च विद्युतरोधावर चालतं; ओलावा धरला की वीज गळते आणि मुद्रणात भात उकळल्यासारखी बुडबुड येते. काम झालं की माइक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापराव्यात. सेनहायझरचा एमकेएच ४१६ या बाबतीत वेगळा. त्याचा पडदा उच्च वारंवारतेच्या मंडलात, कमी रोधावर काम करतो, म्हणून जंगलात आणि पावसात चित्रीकरण करणाऱ्यांनी तो आपलासा केला, आणि पुढे जाहिरातींच्या निवेदकांनीही. पण हा लांब नळीचा माइक आहे. कडेचा आवाज कापण्याची त्याची युक्ती मोकळ्या जागेत चालते. छोट्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत परतणारे आवाज त्या नळीत शिरून पोकळ रंग चढवतात. गोधड्या इथेही आधी.

राहिला पाऊस. चार महिन्यांसाठी डायनॅमिक, तोंडापासून चार बोटांवर, आणि कोरड्या दिवसांत कंडेन्सर, ही इथली व्यवहार्य जोडी. डायनॅमिक माइकला पाऊस ऐकू येत नाही असं नाही. तो जवळून वापरता येतो आणि त्यामुळे आवाजाच्या मानानं पाऊस मागे राहतो, एवढंच. ऑडिबलसाठी ध्वनिपुस्तकं घेणाऱ्या एसीएक्स या सेवेची अट अशी की बोलणं थांबल्यावरची खोली उणे ६० डेसिबलच्या खाली असावी. बोलण्याआधी दहा सेकंद गप्प बसून खोलीचं मुद्रण करावं आणि आकडा पाहावा. रिमझिमीत कौलारू घरात, माळ्यावर पेंढा रचलेला असेल तर, तो आकडा गाठता येऊ शकतो. पत्र्याखाली आषाढसरीत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरनं पाऊस पुसायचा मोह होतो, पण पावसाचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. तो काढणारा फिल्टर स, श आणि चुलीतला च यांनाही पाऊसच समजतो, आणि सर ओसरल्यावर सगळं पान पुन्हा वाचावं लागतं.